बॅटरी बदलण्याआधी वीज किती वेळ जाते ते पाहा

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून असलेल्या मुनिरकात दोन निराळ्या वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. एक दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे डीडीएच्या फ्लॅटची. दुसरी टोकस जाटांच्या मूळ गावाची, जिथल्या अरुंद गल्ल्यांत आता चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत आणि खोल्याखोल्यांतून जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्य भारतातून आलेले तरुण, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार भाड्यानं राहतात. दोन्हीकडे एक वस्तू मात्र सारखी दिसते. पॅसेजमध्ये, बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवलेला इन्व्हर्टर आणि त्याला जोडलेली शिशाची जड, उंच ट्युब्युलर बॅटरी.

ही बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. पूर्वी त्यात विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतं. जुनी द्यायची, तशीच नवी आणायची. आता दुकानदार विचारतो, तीच घेता की लिथियम घेता? लिथियमच्या माहितीपत्रकावर हजारो फेऱ्यांचं आयुष्य छापलेलं असतं, किंमतही चढी असते. घरातल्या माणसाला वाटतं की जास्त पैसे दिले की जास्त वर्षांची निश्चिंती मिळाली. पण कुठली बॅटरी योग्य, हे बॅटरीपेक्षा घरावर अवलंबून असतं. आपल्याकडे वीज किती वेळा आणि किती वेळ जाते, तेवढ्या वेळात काय काय चालवायचं आहे, बॅटरी ठेवायची जागा किती तापते आणि आधीचा इन्व्हर्टर कोणता आहे, या चार प्रश्नांची उत्तरं हाती असल्याशिवाय बॅटरी घेऊ नये.

दिल्लीची वीज तेव्हाची आणि आताची

दिल्लीत इन्व्हर्टर घरोघरी गेला तो नाइलाजानं. २००२ च्या जुलैमध्ये दिल्लीचं वीजवितरण खासगी कंपन्यांकडे सोपवलं गेलं, तेव्हा शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्मीच्या आसपास वीज गळती आणि चोरीत जात होती. उन्हाळ्यात तासन् तास वीज नसणं हा नेम होता. त्या काळात दिल्ली आणि गुडगाव परिसरात इन्व्हर्टरचा मोठा उद्योग उभा राहिला. पुढे गळती उतरत उतरत एक आकडी टक्क्यांवर आली आणि पुरवठा सुधारला. तरीही ३० आणि ३१ जुलै २०१२ हे दोन दिवस दिल्लीकर विसरलेले नाहीत. पहिल्या दिवशी उत्तरेचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड कोसळली. देशातले सुमारे ६० कोटी लोक विजेविना राहिले आणि दिल्लीची मेट्रो थांबली.

महाराष्ट्रातल्या वाचकांची आठवण थोडी वेगळी आहे. २००५ नंतरची काही वर्षं राज्यानं भारनियमन सोसलं. गावांत ते दिवसाला बारा तासांपर्यंत आणि त्याहूनही पुढे जाई. पुण्यानं २००६ मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या जनरेटरवर भार टाकून शहराला भारनियमनातून सोडवण्याचा प्रयोग केला आणि तो देशभर ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजला. त्या काळात घरातली बॅटरी रोज रिकामी होई आणि रोज भरे.

आजच्या मुनिरकाचं चित्र तसं नाही. इथे बीएसईएस राजधानी ही कंपनी वीज पुरवते. दिल्लीची सर्वोच्च मागणी १९ जून २०२४ रोजी ८,६५६ मेगावॉटवर गेली. एवढा भार असला की गल्लीतला ट्रान्सफॉर्मर किंवा केबल दगा देते आणि वीज जाते. पण ती बहुधा काही मिनिटांसाठी किंवा एक-दोन तासांसाठी जाते, आणि तीही मुख्यतः मे ते ऑगस्ट या महिन्यांत. हिवाळ्यात बॅटरी आठवडेच्या आठवडे काही काम न करता भरलेल्या अवस्थेत बसून राहते. बॅटरीची निवड या वास्तवावर ठरायला हवी.

शिशाची बॅटरी कशी मरते

शिसं आणि सल्फ्युरिक आम्ल यांची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये बनवली. तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचा ऑक्साइड आणि मध्ये पातळ आम्ल. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं, चार्ज करताना ते परत मूळ रूपात जातं. एक कोष सुमारे २ व्होल्ट देतो, सहा कोष मिळून १२ व्होल्ट होतात. ट्युब्युलर प्रकारात धन पट्टीचा मसाला सच्छिद्र नळ्यांत भरलेला असतो. त्यामुळे तो गळून तळाशी साचत नाही आणि बॅटरी सपाट पट्ट्यांच्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते.

तिला मारणारी कारणं मुख्यतः तीन आहेत. पहिलं कारण सल्फेट. बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली तर सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग ते विरघळत नाहीत. दुसरं कारण पाणी. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं नाही तर पट्ट्या उघड्या पडून कायमच्या निकामी होतात. तिसरं कारण उष्णता, आणि दिल्लीत हेच सर्वांत मोठं. आपल्याकडे या बॅटऱ्यांची क्षमता २७ अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापेक्षा दर दहा अंश वाढीला आतली झीज साधारण दुप्पट होते. पश्चिमेकडच्या बाल्कनीत मे-जूनच्या उन्हात ठेवलेली बॅटरी सावलीतल्या बॅटरीपेक्षा कितीतरी लवकर जाते.

जुनी बॅटरी खरोखर संपली आहे का, हे बदलण्याआधी तपासून घ्यावं. बॅकअप कमी झाला की लोक बॅटरीला दोष देतात. पण टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड, सैल झालेली वायर किंवा इन्व्हर्टरचा बिघडलेला चार्जर यांमुळेही तसं होतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरनं प्रत्येक कोषातल्या आम्लाची घनता मोजून घ्यायला सांगा. भरलेल्या कोषात ती साधारण १.२४ ते १.२८ असते. पाच कोष ठीक आणि एक फारच मागे असेल तर तो कोष गेला आहे आणि बॅटरी बदलणं योग्य. सहाही कोष सारखेच कमी असतील तर आधी चार्जिंग तपासा. योग्य चार्जिंगनं अशी बॅटरी कधी कधी आणखी एक उन्हाळा काढते.

कोणतं लिथियम?

घरासाठी सुचवायचं लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानांत ज्याला एलएफपी म्हणतात. या पदार्थाचा शोध १९९० च्या दशकात अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला. १९९७ च्या मूळ शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांची नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या वतीनं स्टॉकहोममध्ये व्याख्यान दिलं ते त्यांचे दीर्घकाळचे सहकारी अरुमुगम मंथिराम यांनी. आपल्या घरात येऊ पाहणाऱ्या या डब्याच्या जन्मात भारतीय संशोधकांचा एवढा मोठा वाटा आहे.

एलएफपीचं वैशिष्ट्य तिच्या फॉस्फेटमध्ये आहे. त्यात फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध फार घट्ट असतो. बॅटरी तापली तरी ऑक्सिजन सहज सुटत नाही आणि आगीला आतून बळ मिळत नाही. मोबाइल आणि अनेक गाड्यांतल्या निकेल किंवा कोबाल्ट असलेल्या लिथियम बॅटऱ्या कमी जागेत जास्त वीज साठवतात, पण त्या जास्त तापट असतात. अमेरिकेत एलजीच्या घरगुती साठवणीच्या काही बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे २०२० आणि २०२१ मध्ये परत मागवाव्या लागल्या. टेस्लानं २०१५ मध्ये आणलेल्या पॉवरवॉलच्या सुरुवातीच्या पिढ्यांत निकेलचं रसायन होतं, तिसऱ्या पिढीत एलएफपी आलं. घराच्या भिंतीआड ठेवायच्या वस्तूत थोडी जागा जास्त गेली तरी चालते, सुरक्षितता मात्र कमी पडून चालत नाही. म्हणून दुकानदारानं नुसतं ‘लिथियम’ म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. एलएफपी आहे का, आणि स्थिर साठवणीच्या लिथियम बॅटऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६१९ या मानकाची चाचणी झाली आहे का, हे विचारा आणि कागदावर पाहा.

एलएफपीचा एक कोष ३.२ व्होल्टचा असतो. चार कोष मिळून १२.८ व्होल्ट होतात, म्हणून ती १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला जोडता येते. तिच्यात बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड असतो. तो प्रत्येक कोषाचा व्होल्टेज पाहतो, सगळे कोष समपातळीत ठेवतो आणि प्रवाह, तापमान किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की बॅटरीची जोडणी तोडतो. पाणी घालावं लागत नाही, आम्लाचा वास येत नाही. १५० अँपिअर-अवरची उंच ट्युब्युलर बॅटरी आम्लासह पन्नास किलोच्या वर जाते; १०० अँपिअर-अवरची एलएफपी साधारण बारा-तेरा किलोची असते. दर वर्ष-दोन वर्षांनी खोली बदलणाऱ्या भाडेकरूसाठी हा फरक मोठा आहे. तो ही बॅटरी पिशवीत घालून चौथ्या मजल्यावर नेऊ शकतो आणि पुढच्या घरी सोबत घेऊन जाऊ शकतो.

फेऱ्या की वर्षं?

माहितीपत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा असतो फेऱ्यांचा, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून रिकामी करता येईल याचा. चांगल्या एलएफपीला काही हजार फेऱ्या सांगतात, शिशाच्या ट्युब्युलरला त्यांचा काही अंशच. रोज आठ तास भारनियमन असलेल्या घराला हा आकडा निर्णायक आहे. तिथे तीन वर्षांत हजारावर फेऱ्या होतात आणि लिथियमची जादा किंमत वसूल होते.

मुनिरकातल्या घराचं गणित निराळं आहे. वर्षातून तीस-चाळीसदा वीज गेली, आणि तीही बहुतेकदा तासाभरासाठी, असं धरलं तर दहा वर्षांत पूर्ण फेऱ्या शंभर-दोनशेच्या पुढे जात नाहीत. एवढ्या फेऱ्या शिशाच्या बॅटरीलाही सहज पेलतात. इथे बॅटरी मरते ती वय, उष्णता आणि दुर्लक्ष यांमुळे. लिथियमलाही वय आहे. शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी वर्षानुवर्षं बसवून ठेवली तर तीसुद्धा न वापरता क्षमता गमावते. म्हणून दिल्लीत खरेदी करताना फेऱ्यांच्या आकड्याला फार मान देऊ नका. वॉरंटी किती वर्षांची आहे, त्यात किती वर्षं पूर्ण बदली आहे आणि किती वर्षं ‘प्रो-राटा’, म्हणजे वापरलेल्या काळाचे पैसे कापून बदली, आणि किती तापमानापर्यंत ती लागू आहे, हे विचारा. ज्या घरात बॅटरीत पाणी घालायला कुणाचं लक्ष नसतं, जागा आत आणि सावलीत आहे, किंवा घर वारंवार बदलतं, तिथे एलएफपी फायद्याची. जिथे माणूस नियमित पाणी घालतो, जागा हवेशीर आहे आणि वीज क्वचित जाते, तिथे चांगली ट्युब्युलर अजूनही स्वस्त आणि पुरेशी आहे.

आधी भार मोजा

डीडीएच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. वीज गेल्यावर तीन पंखे, पाच एलईडी दिवे, वाय-फायचा राउटर आणि एक टीव्ही चालवायचा आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॉट, म्हणजे तीन पंख्यांचे २२५. दिवे ४५, राउटर १०, टीव्ही ७०. एकूण ३५० वॉट.

१५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. म्हणजे पाच तास चालायला हवेत. पण ही क्षमता वीस तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेली असते. इन्व्हर्टर ३५० वॉट देताना बॅटरीतून सुमारे ३४ अँपिअर ओढतो आणि एवढ्या वेगानं ओढलं तर शिशाची बॅटरी साधारण ११० अँपिअर-अवरच देते. हाती येतात जेमतेम सव्वातीन तास. दर वेळी तळाशी नेली तर तिचं आयुष्यही घटतं, म्हणून प्रत्यक्षात दोन तासच धरावेत. एलएफपीची क्षमता वेगानं ओढलं तरी फारशी घटत नाही आणि तिची ९० टक्के साठवण निर्धास्त वापरता येते. १०० अँपिअर-अवरच्या एलएफपीत १,२८० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता साधारण हजार वॉट-तास घरात पोचतात, म्हणजे जवळपास तीन तास. म्हणून १५० च्या जागी १०० हा योग्य बदल आहे. आकडा लहान दिसतो म्हणून फसवणूक झाली असं समजू नये. उलट जुन्याच आकड्याची लिथियम घेतली तर गरजेपेक्षा जास्त पैसे गेले असं समजावं.

आता पंखे बदलून पाहू. ब्रशविरहित डीसी मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट घेतो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीनं हे पंखे आपल्या मध्यमवर्गीय घरांत नेले, आणि आता बहुतेक कंपन्या ते विकतात. तीन पंख्यांचे २२५ वॉट ९० वर येतात आणि एकूण भार ३५० वरून २१५ वर उतरतो. तीच १०० अँपिअर-अवरची एलएफपी आता साडेचार तास चालते. बॅटरी मोठी करण्याआधी भार लहान करावा. त्याचा फायदा वीज असतानाही रोज मिळतो.

दिल्लीत या बचतीला आणखी एक अर्थ आहे. ऑगस्ट २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत वापरणाऱ्या घराचं बिल शून्य येतं; २०१ ते ४०० युनिटांपर्यंत अर्धी सवलत मिळते, कमाल ८०० रुपये. इन्व्हर्टर काम नसतानाही स्वतः थोडी वीज खातो आणि भरलेल्या बॅटरीला सतत थोडा प्रवाह देत राहतो. हे मिळून वीस वॉट धरले तरी महिन्याचे चौदा युनिट होतात. १९० युनिट वापरणारं घर तेवढ्यानं २०० च्या पलीकडे जाऊ शकतं. जुना, ऊब सोडत राहणारा इन्व्हर्टर बदलण्याचं हेही एक रास्त कारण आहे.

जुना इन्व्हर्टर, नवी बॅटरी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. जुना इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीसाठी बनलेला असतो. त्याचा चार्जर आधी जोरानं, मग हळूहळू आणि शेवटी सतत थोडा प्रवाह देतो. काही इन्व्हर्टर मधूनमधून व्होल्टेज १५ च्या वर नेऊन सगळे कोष समान करतात. शिशाला ते पोषक आहे. एलएफपीच्या चार कोषांची कमाल मर्यादा मात्र १४.६ व्होल्ट आहे. ती ओलांडली की बीएमएस बॅटरीची जोडणी तोडतो आणि चार्जिंग थांबतं. रोज असं होत राहणं बॅटरीलाही बरं नाही. इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठी वेगळी सेटिंग असेल तर ती लावून घ्या. नसेल तर इन्व्हर्टरही बदलण्याचा खर्च हिशेबात धरा.

दुसरी अडचण दर्शकाची. शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज रिकामी होताना उतरत जातो, म्हणून इन्व्हर्टर त्यावरून किती वीज उरली ते दाखवतो. एलएफपीचा व्होल्टेज नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. जुना दर्शक ‘भरपूर आहे’ म्हणत असताना वीज अचानक बंद होते. त्यावर भरवसा ठेवू नका. बॅटरीचा स्वतःचा दर्शक किंवा ॲप वापरा.

तिसरी गोष्ट धक्क्याच्या भाराची. फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह लागतो. शिशाची बॅटरी तो क्षण सोसते. लिथियमचा बीएमएस ठरलेल्या मर्यादेवर दार बंद करतो. १०० अँपिअरच्या बीएमएसला १२.८ व्होल्टवर साधारण १,२८० वॉटच सतत देता येतात. फ्रिज बॅकअपवर ठेवायचाच असेल तर आधी सांगा, मग बॅटरी निवडा.

आणि चौथी. मोठ्या घरांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. त्यांतली एकच गेली म्हणून एकच बदलू नये. एका जूला थकलेला बैल आणि तरणा बैल जुंपला की तरण्यालाही थकलेल्याच्या चालीनं चालावं लागतं आणि दोघांचेही खांदे सोलले जातात. दोन्ही बॅटऱ्यांतून प्रवाह एकच वाहतो. जुनी लवकर रिकामी होते, लवकर भरते, आणि नवी कधी अर्धवट तर कधी जास्त चार्ज होत राहते. नवी-जुनी, दोन कंपन्यांच्या, किंवा शिसं आणि लिथियम अशा जोड्या कधीच लावू नका.

बदलण्याचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. आधी इन्व्हर्टरचा मुख्य स्विच आणि आउटपुट बंद, मग ऋण टर्मिनल आधी काढायचं आणि जोडताना शेवटी लावायचं. १२ व्होल्टला झटका बसत नाही म्हणून लोक निष्काळजी होतात. पण त्या तारांतून तीस-चाळीस अँपिअर वाहतात, आणि तारेच्या टोकाचा सैल लग तापून प्लास्टिक पेटवू शकतो. धन टर्मिनलजवळ डीसीसाठीचा फ्युज किंवा एमसीबी बसवा. साधा एसीचा एमसीबी तिथे चालत नाही.

जागा

मुनिरका गावातल्या अनेक इमारतींत जिना हा बाहेर पडण्याचा एकच मार्ग असतो, आणि त्याच जिन्याखाली मीटर, तारांचा गुंता, दुचाकी आणि बॅटऱ्या असतात. हे धोक्याचं आहे आणि घरमालकांनी ते बदलायलाच हवं. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. लिथियमला आग लागण्याची शक्यता कमी, पण लागली तर विषारी धूर येतो आणि ती विझवणं कठीण असतं. दोन्हींची जागा पळण्याच्या वाटेवर नको, गॅस सिलिंडरजवळ नको, ऊन आणि पावसात नको. शिशाच्या बॅटरीला खेळती हवा हवी. लिथियमसाठी कंपन्या चार्जिंगच्या तापमानाची वरची मर्यादा देतात, ती बहुधा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. पत्र्याच्या छपराखालची गच्चीवरची खोली जूनमध्ये सहज तिथे पोचते.

छतावरचा सूर्य आणि शहराची बॅटरी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्याहून मोठ्या घरगुती सौर संचाला ७८,००० रुपयांचं केंद्रीय अनुदान मिळतं. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये. बॅटरीला मात्र हे अनुदान नाही. शिवाय एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रिडला जोडलेला साधा सौर संच वीज गेली की आपोआप बंद होतो, म्हणजे तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून झटका बसत नाही. ऊन लख्ख असलं तरी घरात दिवा लागत नाही. वीज गेल्यावरही सूर्य वापरायचा असेल तर सौर संच आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. पुढे सौर संच बसवण्याचा विचार असेल तर आजच हायब्रिड इन्व्हर्टरला चालेल अशी बॅटरी घ्या, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही.

शहरही आपल्या परीनं बॅटरी बसवू लागलं आहे. रोहिणीत २०१९ मध्ये टाटा पॉवरच्या दिल्ली कंपनीनं १० मेगावॉटची ग्रिड बॅटरी सुरू केली. मुनिरकाला वीज देणाऱ्या बीएसईएस राजधानीनं २०२५ मध्ये किलोकरीच्या उपकेंद्रात २० मेगावॉट, ४० मेगावॉट-तासांची बॅटरी कार्यान्वित केली. पूर्ण जोरानं ती दोन तास वीज देऊ शकते. अशा बॅटऱ्या वस्त्यावस्त्यांच्या उपकेंद्रांत आल्या तर घरातली बॅटरी लहान होत जाईल. हेही एक कारण आहे, आज गरजेपेक्षा मोठी न घेण्याचं.

जुनी बॅटरी कुठे जाते

नवी बॅटरी लागली की जुनी दाराबाहेर ठेवली जाते आणि गल्लीतला कबाडीवाला ती रोख पैसे देऊन नेतो. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो, म्हणून तिला भाव आहे. नोंदणीकृत कारखान्यात हे शिसं जवळजवळ सगळं परत मिळतं आणि पुन्हा बॅटरीत जातं. आडबाजूच्या भट्टीत मात्र बॅटरी कुऱ्हाडीनं फोडतात, आम्ल जमिनीत ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. त्याची धूळ आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यांतली सुमारे २७.५ कोटी भारतात आहेत. एवढ्या शिशानंही मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कायमची घटते. शिसं शरीरात जाण्याच्या वाटा अनेक आहेत, पण बेकायदा बॅटरी-भट्ट्या ही त्यांतली मोठी वाट आहे, आणि ती बंद करणं काही अंशी आपल्या हातात आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. २००१ च्या जुन्या नियमांत फक्त शिशाच्या बॅटऱ्या होत्या. नव्यांत लिथियमसह सगळ्या आहेत. विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे, आणि वापरणाऱ्यानं जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य संकलकाकडे द्यावी, अशी अपेक्षा आहे. एलएफपीत कोबाल्ट किंवा निकेल नसल्यानं भंगारात तिला फारसा भाव येत नाही. म्हणूनच आठ-दहा वर्षांनी ती कचऱ्यात फेकली जाण्याचा धोका जास्त आहे. विकत घेतानाच परत घेण्याची सोय कंपनीकडून लिहून घ्यावी.

जुनी बॅटरी हलवताना ती उभीच ठेवा. आम्ल सांडलं तर त्यावर खाण्याचा सोडा टाका, भरपूर पाण्यानं धुवा आणि मुलांना लांब ठेवा. आम्ल ओतून बॅटरी हलकी करू देऊ नका.

तुमची बॅटरी या वर्षी बदलायची असेल तर तीन गोष्टी करा. या उन्हाळ्यात वीज कधी गेली आणि किती वेळ गेली ते एका कागदावर लिहून ठेवा. वीज गेल्यावर चालणाऱ्या उपकरणांचे वॉट जोडा. मग तो कागद घेऊनच दुकानात जा. आणि नवी बॅटरी बसली की जुनी अधिकृत विक्रेत्यालाच द्या, तिची रक्कम बिलावर वजा करून मागा आणि पावती जपून ठेवा. कबाडीवाला दोन-तीनशे रुपये जास्त देत असला तरी ते घेऊ नका. त्या पैशांची किंमत कुठल्या तरी भट्टीशेजारी राहणारं मूल मोजत असतं.